नाद लागतो तो कसा?

उत्तम हेडफोनांवर गाणे ऐकण्याची आवड माणसाला मुळात लागते तरी कशी, या प्रश्नाचे आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे, आणि ते इतक्या निःशंकपणे दिले जाते की त्याची उलटतपासणी करण्याची गरज कोणास वाटत नाही. ते उत्तर असे: आधी हाती पैसा खुळखुळू लागतो, मग तो कोठे खर्चावा याची विवंचना पडते, मग कोणीतरी एखाद्या महागड्या वस्तूचे नाव कानावर घालतो, आणि ती वस्तू घरात आल्यावर तिच्या किमतीशी इमान राखण्यासाठी मनुष्य तिच्यात नसलेले गुण ऐकू लागतो. सारांश, ही आवड म्हणजे श्रीमंतीचा एक उपचार आणि मनाने मनाची घातलेली समजूत. माझे गेल्या चाळीस वर्षांचे श्रवण आणि या नादातील इतर माणसांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकती या उत्तराच्या साफ विरुद्ध जातात. म्हणून या पूर्वपक्षाचा समाचार घेऊन, ही आवड जेथे खरोखर उगम पावते ते स्थळ दाखवावे असे मी योजिले आहे.

माझ्यापुरती हकीकत पुण्यातील एका वाड्यातल्या दोन खोल्यांत घडली. आमच्या घरी पहाटे सहाच्या सुमारास रेडिओ लागे, आणि त्यावर वरचेवर लागणारा एक अभंग मला इतका पाठ झाला होता की, गवई कोणत्या शब्दापाशी थांबतो आणि साथीदार ओळ कोठे उचलतात हे मी अर्धवट झोपेतही सांगितले असते. माझे धाकटे मामा ध्वनिमुद्रणाच्या कामात होते. एका दिवाळीत ते आमच्याकडे मुक्कामाला आले ते आपला कॅसेट डेक आणि कामावर वापरायचे हेडफोन बरोबर घेऊनच. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. दम्याने बेजार झालेल्या आजीचा नुकताच कोठे डोळा लागला होता, त्यामुळे स्पीकर लावण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मामा भिंतीला पाठ टेकून अंधारात एकटेच ऐकत बसले होते. मी जागा आहे असे पाहून त्यांनी खुणेने मला जवळ बोलाविले, हेडफोन स्वतःच्या डोक्यावरून उतरवून माझ्या डोक्यावर ठेवले, वरची पट्टी माझ्या लहान डोक्याला बसेल इतकी आत सरकविली आणि टेप मागे घेऊन नेमका तोच अभंग पहिल्यापासून लावला. कानांवरच्या गाद्या त्यांच्या उबेने अजून कोमट होत्या. एक बाजू किंचित उचलून ते हलकेच म्हणाले, "गाण्याकडे नको, टाळाकडे कान दे."

मी दिला. जो टाळ मला इतकी वर्षे एक बोथट 'छक् छक्' म्हणून माहीत होता, त्याच्या दोन वाट्या एकमेकींना भिडल्याचा तो बारीक धातूचा क्षण, त्यामागून उमटणारा लांबट झंकार, त्या झंकारात मंदपणे येणारी लहर (दोन्ही वाट्यांचा स्वर तंतोतंत एक नसल्यामुळे ती येते, हे मला पुष्कळ पुढे कळले), आणि तो झंकार विरतो न विरतो तोच पडणारा पुढचा ठोका, असा सगळा व्यवहार माझ्या उजव्या कानापाशी चाललेला मला ऐकू आला. एके ठिकाणी टाळकऱ्याने वाट्या भिडवून तशाच दाबून धरल्या, नाद मुका झाला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत गवयाने श्वास घेतला. शेकडो वेळा ऐकलेल्या त्या अभंगात तो श्वास पहिल्यापासून होता आणि मी तो कधीही ऐकला नव्हता.

यात दैवी असे काही नव्हते. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात शेजारशेजारच्या केंद्रांना ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसविलेले असते, आणि त्या दाटीमुळे सेकंदाला साधारण साडेचार-पाच हजार कंपनांपलीकडचा ध्वनी श्रोत्याच्या घरापर्यंत फारसा पोहोचत नाही. टाळाच्या झंकाराचे पुष्कळसे वैभव तर त्या हद्दीपलीकडेच नांदते. जे काही पोहोचे त्यावर आमच्या रेडिओच्या लहानशा स्पीकरची मर्यादा पडे, उघड्या फरशीवरून आणि भिंतींवरून उसळलेला प्रतिध्वनी मिसळे, आणि पलीकडच्या खोलीतल्या स्टोव्हचा भरभर आवाज त्या सर्वांवर पसरे. हेडफोनात हे सगळे मधले दलाल एकदम दूर होतात. कानापासून दोन बोटांवर असलेल्या पडद्याला इतकी थोडी हवा हलवावी लागते की, तो ते काम न ओढाताण होता, विलक्षण चोखपणे करू शकतो, आणि त्याच्या व कानाच्या मध्ये खोली नावाची वस्तूच उरत नाही.

आता पूर्वपक्षाला मी विचारतो की, या हकीकतीत पैसा कोठे आहे? हेडफोन माझे नव्हते. ते मामांचेही नव्हते, कामावरून दोन दिवसांसाठी मागून आणलेले होते. त्यांची किंमत काय हे मला ठाऊक नव्हते आणि ते विचारण्याचे माझे वय नव्हते. जी वस्तू आपली नाही, जिची किंमत माहीत नाही आणि जिची कीर्ती कधी कानावर आली नाही, तिच्या किमतीशी इमान राखण्यासाठी दहा-अकरा वर्षांचा मुलगा स्वतःची फसवणूक करून घेतो, असे म्हणणे हे तर्काला सोडून आहे. आणि मी काही अपवाद नव्हे. ज्यांनी ज्यांनी मला आपल्या आरंभाची गोष्ट सांगितली, त्यांच्या कथनात दुकान पुष्कळ उशिरा येते. आधी कोणा थोरल्या भावाची, वसतिगृहातल्या सोबत्याची किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याची उसनी वस्तू येते, आणि तिच्यावर लावलेले गाणे प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या आधीपासूनच्या ओळखीचे असते. या दुसऱ्या गोष्टीकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. नव्या, अपरिचित गाण्याने हा नाद लागल्याचे उदाहरण मला एकही भेटलेले नाही. कारण अपरिचित गाण्यात नवे काय आणि जुने काय हे ताडून पाहण्यास मनापाशी मापच नसते. जे तोंडपाठ आहे त्यातच न ऐकलेले सापडते, आणि तेव्हाच मनुष्य चरकतो, कारण आपण आजवर ऐकत होतो ते अर्धेच होते याचा दाखला त्याला स्वतःच्या कानांनीच दिलेला असतो.

इतिहासाची साक्षही याच बाजूने पडते. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनात क्लेमां आदेर याने तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला ध्वनिग्राहक बसवून तारांवाटे ते गायन प्रदर्शनापर्यंत आणले, आणि प्रत्येक श्रोत्याच्या हाती एकेका कानासाठी एकेक अशा दोन श्रवणनलिका दिल्या. पात्र रंगमंचावर एका बाजूकडून दुसरीकडे गेले की त्याचा आवाजही या कानाकडून त्या कानाकडे सरके. लोक तेथे विजेची यंत्रे पाहण्यास आले होते. पुढे १९५८ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे जॉन कॉस याने एक सुटसुटीत ग्रामोफोन लोकांपुढे मांडला आणि तो शांतपणे ऐकता यावा म्हणून सोबतीला हेडफोन जोडून दिले, तेव्हा ग्रामोफोन बाजूस राहिला आणि लोक हेडफोनांपाशी खिळले. जे जोडवस्तू म्हणून मांडले होते तेच कॉसचे जन्माचे काम झाले. या दोन्ही ठिकाणी श्रोते हेडफोनांचे भक्त म्हणून आले नव्हते. कोणीतरी ते त्यांच्या कानांना लावले, एवढेच घडले.

पैशाच्या मुद्द्यावर आणखी एक पुरावा हजर करतो, कारण तो शास्त्रीय मोजमापाचा आहे. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांचे मोजमाप तपासून अमेरिकेतील ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात असे दाखवून दिले की, हेडफोन कोणत्या कंपनसंख्येला किती जोराने वाजतो या त्याच्या मूलभूत गुणाचा आणि त्याच्या बाजारभावाचा काही संबंध लागत नाही. पूर्वपक्षी हा निष्कर्ष आमच्याविरुद्ध वापरतील आणि म्हणतील की, पाहा, सगळा खेळ भ्रमाचाच आहे. मी म्हणतो की, यावरून भ्रम ठरतो तो किमतीचा, गुणाचा नव्हे. स्वस्त वस्तू उत्तम असू शकते हे सिद्ध झाल्याने ही आवड श्रीमंतांची मिरास नाही हेच पक्के होते. आमच्यातील काही जण तारांच्या जुडीसाठी एका महिन्याचा पगार मोजतात आणि डोळे बांधून ऐकविले असता साधी तार कोणती व महाग कोणती हे त्यांना ओळखता येत नाही, ही गोष्ट मी लपवू इच्छित नाही. मला तिचा खेद होतो. कारण ज्या कानांनी कधी काळी टाळाची लहर टिपली त्याच कानांवर त्यांचा विश्वास उरलेला नसतो आणि ते किमतीच्या चिठ्ठीला मुखत्यारपत्र देऊन बसतात. परंतु देवळाबाहेर बाजार भरतो म्हणून गाभाऱ्यात मूर्ती नाही असे ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो संगीतावर मनापासून प्रेम करणाऱ्यांकडून येतो, म्हणून मी त्याचा आदर करतो. ते म्हणतात, गाणे समोर बसून ऐकावे. हेडफोनातले गाणे डोक्याच्या आत वाजते, तेथे ना बैठक ना समोरचा गवई. यातला अर्धा भाग मला बिनशर्त मान्य आहे. स्पीकरचा आवाज दोन्ही बाजूंकडून दोन्ही कानांना मिळतो, आणि हेडफोनात डाव्या कानाला केवळ डावे व उजव्याला केवळ उजवे मिळते. म्हणून गवई समोर न बसता दोन कानांच्या मध्ये कोठेतरी बसल्यासारखा वाटतो. हा दोष खरा आहे. बेंजामिन बाउअर याने १९६१ सालीच त्यावर उपाय म्हणून एका बाजूचा थोडा ध्वनी किंचित उशिराने दुसऱ्या बाजूस देण्याची योजना मांडली होती, आणि १९६८ साली जर्मनीत सेन्हायझरने पाठीमागून उघडे असलेले हेडफोन काढले तेव्हापासून निदान आवाज डबीत कोंडल्याची भावना पुष्कळ कमी झाली. पण 'समोर बसून' या शब्दांची मात्र खातरजमा करावी लागेल. १९५३ सालापासून पुण्यात चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला मी वर्षानुवर्षे जातो, तेथील पूर्वीच्या मध्यरात्री आणि पहाटा माझ्या आयुष्याचा ठेवा आहेत; तरी त्या मंडपात शेवटच्या रांगांपर्यंत जे पोहोचते तेही ध्वनिग्राहक, वर्धक आणि कर्णे यांच्या मार्फतच पोहोचते. तंबोऱ्याची जवारी तेथे कानाला किती लागते हे मागच्या रांगेत बसणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगावे. दिवाणखान्यात पंधरा माणसांसमोर विनायंत्राची बैठक ज्यांच्या भाग्यात आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. ते भाग्य ज्यांच्या वाट्याला आले नाही त्यांच्यासाठी मी बोलतो आहे.

कान बिघडतात, ही तिसरी तक्रार. बिघडतात, हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबल आवाजासाठी आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे आणि ती प्रत्येकाने पाळावी. मात्र आवाज मनुष्य वाढवितो तो बहुधा बारकावे ऐकू येत नाहीत म्हणून. ज्याला शांत खोलीत ते हळू आवाजातच मिळू लागले त्याचा हात बटनाकडे सहसा जात नाही.

राहिला एकलकोंडेपणाचा आरोप. हेडफोन लावलेला मनुष्य घरात असून नसल्यासारखा होतो, हाक मारली तर ओ देत नाही, हे गृहिणींचे गाऱ्हाणे मी खोटे म्हणणार नाही. परंतु ज्यांनी दोन खोल्यांत सात माणसांचा संसार पाहिला आहे त्यांना हेही माहीत आहे की, एकाचे गाणे ही दुसऱ्याची झोपमोड असते, आणि आजीला जागे न करता अभंग ऐकण्याची जी सोय मामांनी केली तिच्यात माणसांविषयी अनास्था नव्हती. ते एकटे ऐकत होते खरे. पण मला जागा पाहताच स्वतःचे ऐकणे अर्ध्यावर सोडून त्यांनी ते माझ्या हवाली केले, आणि पुढचा सगळा वेळ, स्वतःला काहीही ऐकू येत नसताना, ते कंदिलाच्या अंधुक उजेडात माझा चेहरा पाहत बसले होते. टाळ दाबला गेला आणि मी दचकून वर पाहिले, तेव्हा त्यांनी मान हलविली. तो श्वास कोठे येतो हे त्यांना न ऐकताही ठाऊक होते.

मामा आता ऐंशी उलटून गेले आहेत. वयाबरोबर कानाचे वरचे स्वर आधी जातात, त्याप्रमाणे टाळाची ती लहर त्यांच्यापुरती केव्हाच मिटली आहे, आणि त्याविषयी ते कधी बोलत नाहीत. गेल्या गणपतीत त्यांची नात माझ्या खोलीत आली, तेव्हा मी माझे हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवले आणि तिला म्हटले, "तुझंच एखादं गाणं लाव, अगदी पाठ असलेलं." तिने फोनवरचे कुठलेसे गाणे लावले. मामा समोरच्या खुर्चीवर बसून तिच्याकडे टक लावून पाहत होते. मिनिटभराने तिच्या भुवया वर गेल्या.

"आजोबा, गिटारवाल्याची बोटं तारेवरून सरकतात ना, ती करकर ऐकू येतेय. ही कधी होती यात?"

"होतीच," मामा म्हणाले. "मागे घे. पुन्हा ऐक."