कॉर्डेलियाचा मृत्यू आणि डॉ. जॉन्सन

शेक्सपिअरच्या नाटकांची आपली आवृत्ती डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७६५ साली प्रसिद्ध केली. तीत ‘किंग लिअर’वरील टिपणात त्यांनी एक विलक्षण कबुली दिली आहे. कॉर्डेलियाच्या मृत्यूने आपणांस एवढा धक्का बसला की, संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत नाटकाचे अखेरचे प्रवेश पुन्हा वाचणे आपणांस सोसले की नाही, हेच सांगता येत नाही, असा तिचा आशय. दारिद्र्याशी आणि आजारपणाशी झुंजत इंग्रजीचा कोश सिद्ध करणारा हा धिप्पाड पुरुष, पण एका काल्पनिक मुलीच्या मृत्यूपुढे त्याने पुस्तक मिटले.

जॉन्सन यांची अभिरुची जुनाट होती, असे म्हणून ही कबुली निकालात काढणे सोपे आहे. त्याला आधारही सापडतो. १६८१ साली नेहम टेट याने या नाटकाचा शेवट बदलला. त्याच्या आवृत्तीत लिअरला राज्य परत मिळते, कॉर्डेलिया जगते आणि तिचा एडगरशी विवाह ठरतो. विदूषकाला तर त्याने मुळातच रजा दिली. हीच आवृत्ती इंग्रजी रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे चालली. या बाबतीत लोकांनी निकाल दिला आहे, असे म्हणून जॉन्सन यांनीही टेटचीच बाजू घेतली. हा युक्तिवाद मात्र लंगडा आहे. लोक कशासाठी पैसे मोजतात यावरून त्यांना काय हवे ते कळते. नाटकात काय आहे ते कळत नाही. दुर्जनांची भरभराट आणि सज्जनांचा नाश दाखवणारे नाटक मानवी जीवनाचे यथार्थ चित्र असू शकते, हे जॉन्सन यांनी त्याच टिपणात मान्य केले आहे.

वस्तुतः शेक्सपिअरने हा आघात जाणूनबुजून केला. १६०५ साली छापलेल्या, याच कथेवरील एका जुन्या नाटकात राजा पुन्हा सिंहासनावर बसतो आणि धाकटी कन्या जिवंत राहते. म्हणजे कथा ठाऊक असलेला प्रेक्षक सुटकेचीच वाट पाहत असणार. एडमंड आपला प्राणघातक हुकूम मागे घेतो, दूत धावतो, देव तिचे रक्षण करोत असे ऑल्बनी म्हणतो, आणि त्याच क्षणी कॉर्डेलियाचे कलेवर हातांवर घेऊन लिअर येतो. पुढे ऑल्बनी सज्जनांना सद्गुणांचे वेतन आणि वैऱ्यांना करणीचे फळ देण्याची घोषणा करतो. ती पुरी होते न होते तोच लिअरचा अखेरचा आक्रोश सुरू होतो. हिशेब जुळवू पाहणाऱ्याचे तोंड नाटककार असे दोनदा बंद करतो.

तरीही हिशेब जुळवणारे थांबले नाहीत. कॉर्डेलिया जिवंत आहे अशा समजुतीने, आनंदातिरेकात लिअर मरतो, असे ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ साली सुचवले. मोठ्या विद्वानाचे मत म्हणून ते आदराने ऐकावे, परंतु तो टेटचाच अधिक सुसंस्कृत अवतार होय. ज्याला सांत्वन सापडते त्याला पुस्तक मिटावे लागत नाही. जॉन्सन यांना ते सापडले नाही, म्हणूनच त्यांचे वाचन अधिक खरे ठरते.

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने (१९७०) लिअरचे निराधार वार्धक्य मराठीत आणले, पण बेलवलकरांना कॉर्डेलिया नाही. तेथे प्रेक्षक बापासाठी रडतो. जॉन्सन ज्या उंबरठ्यावर थबकले तेथवर त्याला जावे लागत नाही.

इंग्लंडात एडमंड कीनने १८२३ साली मूळ शेवट रंगमंचावर आणून पाहिला, पण तो फार काळ टिकला नाही. मॅक्रेडीने १८३८ साली टेटला बाजूला सारून विदूषकालाही परत आणले. जॉन्सन यांच्यापुढे मात्र हा प्रश्न लेखणी हाती असताना उभा राहिला होता. रंगभूमीसाठी त्यांनी टेटचा शेवट पसंत केला. आपल्या आवृत्तीत मात्र त्यांनी शेक्सपिअरचाच शेवट छापला, आणि त्यासाठी तो पुन्हा वाचला.