सर्वांत लहान प्रोग्राम

‘बेव्हर्ली पार्क’ हें आपल्या वस्तीचें नांव देवनागरींत लिहून संगणकांत सांठविलें, तर आजच्या रूढ पद्धतीनें ४३ बाइट लागतात. (एक बाइट म्हणजे एका इंग्रजी अक्षराची जागा.) ब्रायन रेटर या गृहस्थांनीं युनिक्सच्या घराण्यांतील लिनक्स प्रणालीवर चालणारा एक अवघा प्रोग्राम ४५ बाइटांत बसवून दाखविला! त्याचें काम एवढेंच, कीं सुरू व्हावें, ४२ हा आंकडा प्रणालीच्या हातीं द्यावा व संपावें.

हेंच काम सी भाषेंत एका ओळींत लिहितां येतें. परंतु त्यांच्या कंपायलरनें त्या ओळीची फाइल ३९९८ बाइटांची केली. आज ती सुमारें सोळा हजारांची होते. मूळ आज्ञा पाहाव्या तर सातच बाइटांच्या! बाकीचें सामान कंपायलर न विचारतां बांधून देतो.

तें काढिलें तरी मायना राहतोच. जुन्या पत्रांत ‘तीर्थस्वरूप’पासून ‘विनंति विशेष’पर्यंत लांबलचक मायना आणि मजकूर एक ओळ, असें पुष्कळदां असे. येथेंही ५२ बाइटांचें शीर्षक, ३२ बाइटांचा तक्ता आणि मग सात बाइटांचा मजकूर, एकूण ९१. पुढें रेटर यांनीं मजकूर मायन्यांतच दडविला, तक्ता शीर्षकावर चढविला आणि शेवटचीं शून्यें छाटलीं.

पालक विचारतील, मोबाइलांत अब्जावधि बाइट असतां ही कृपणता कशास? प्रश्न रास्त आहे. पण जागेची बचत हा हेतु नव्हेच. मी विद्यार्थी असतां उत्तर बरोबर आलें कीं वही मिटीत असें. कंपायलरनें मधें काय केलें, हें कधीं पाहिलें नाहीं. पुढें एकदां हे बाइट हातानें मांडिले. एक चुकला आणि यंत्रानें फाइल नाकारिली. तेव्हां शीर्षकांतील एक एक जागा कशासाठीं आहे हें शोधीत बसावें लागलें, आणि त्या रात्रीं जें कळलें तें वर्गांत कधीं कळलें नव्हतें.

तथापि ४५ बाइटांचा प्रोग्राम मी आदर्श मानीत नाहीं. लिनक्स शीर्षकांतील कांहीं जागा तपासीत नाहीं, म्हणून तेथें भलतेंच भरलेलें खपतें. कसोशीनें तपासणारी प्रणाली तो परत पाठवील. ९१ बाइटांचा मात्र नियम पाळून लहान झाला आहे. प्रथम तो करावा. ४२ आला कीं आईवडिलांस दाखवून त्यांतील प्रत्येक बाइट समजावून सांगावा. आणि पालकहो, त्या वेळीं ‘याला गुण किती?’ असें विचारूं नये.