काच फुंकणाऱ्याचे नाव

बंगळूरला चोचोमा स्टुडिओ काढणाऱ्या काचशिल्पकार अंजली श्रीनिवासन यांना २०१६ साली स्वारोव्स्की या परदेशी कंपनीचा पुरस्कार मिळाला. आपल्या पारंपरिक काचकामातून प्रेरणा घेणाऱ्या या कलेचे कौतुकच आहे.

आमचा प्रश्न भट्टीपुढच्या माणसाचा. आपल्याकडचेच पाहा. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली लोकांच्या पैशा-पैशातून उभा राहिला. पुढे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. (रात्री कंदील घेऊन रूळ तपासलेल्या गँगमनला काचेची किंमत कोणी शिकवावी!) कंदिलाला नाव मिळाले, काच फुंकणारा निनावीच राहिला. फिरोजाबादच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांना तरी कोण ओळखतो? प्रदर्शनाच्या पाटीवर कलावंताखाली कारागिरांची नावे हवीत, आणि मजुरीसोबत भविष्य निर्वाह निधी व राज्य विमाही.