राउटर बंद-चालू करण्याआधी

येळ्ळूरकरांनो, नेट बंद पडलं की आपला हात आधी राउटरच्या बटणाकडे जातो. बंद करायचा, थोडं थांबायचं, चालू करायचा. कधी जमतं, कधी नाही. पण त्या बटणासरशी पुरावा पुसला जातो. काय केव्हा बिघडलं ते राउटर सेकंदासकट लिहून ठेवत असतो, आणि बऱ्याच घरगुती राउटरांत ही नोंद लाईट गेली की कोरी होते. म्हणून विनंती एवढीच, की बटण दाबण्याआधी त्या नोंदीचा मोबाईलवर फोटो काढा.

मोबाईल घरच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये राउटरच्या तळाच्या कागदावरचा पत्ता टाका. बहुधा तो 192.168.1.1 असतो. नाव-पासवर्ड देऊन 'सिस्टिम लॉग' उघडा. नेट नसलं तरी हे पान उघडतं, कारण ते राउटरमध्येच असतं.

इंग्रजी ओळींची ती रांग बघून दबकू नका. वाचायची ती शेवटची ओळ नव्हे. बिघाड जिथे सुरू झाला ती ओळ शोधायची. समजा, रात्री 8 वाजून 14 मिनिटांनी 'एलओएस' आलं, लगेच 'पीपीपी डाऊन', मग 'डीएनएस'च्या नावाने डझनभर रडगाणी. दोष पहिल्या ओळीत आहे : फायबरमधून येणारा प्रकाश थांबला. पावसात फांदी पडली असेल, गटारीसाठी खणताना केबल तुटली असेल. राउटर शंभरदा बंद-चालू करा, प्रकाश येणार नाही. प्रकाश आहे पण नेट अडखळतंय, तर 'आरएक्स पॉवर'चा, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा बघा. घरगुती फायबरला उणे 27 डीबीएम ही साधारण तळाची मर्यादा. एरवी उणे 21 दाखवणारा आकडा उणे 29 वर घसरला, तर कुठेतरी जोड खराब झालाय किंवा केबल मुडपली आहे.

'ऑथेंटिकेशन फेल्ड' दिसलं तर आधी रिचार्ज संपलाय का ते पाहा. प्रकाश ठीक असूनही नुसतं 'टाइमआउट' येत असेल, तर आपण हाक मारतोय आणि पलीकडून ओ नाही. बिघाड बहुधा कंपनीकडचा.

नोंदीत मध्येच 1970 साल आलं तर मात्र ते महत्त्वाचं. अनेक राउटरांचं घड्याळ सुरू होताना 1 जानेवारी 1970 ला असतं आणि नेट मिळाल्यावर वेळ जुळवून घेतं. नोंद टिकवणाऱ्या राउटरवर लाईट असताना अशा ओळी पुन्हा पुन्हा दिसल्या तर राउटर आपोआप बंद-चालू होतोय; फायबरवाल्याला बोलावण्याआधी अडॅप्टर तपासा. खरोखरच लाईट गेली असेल, तर बरेच फायबर राउटर विझता विझता कंपनीला 'डाइंग गॅस्प' नावाचा शेवटचा निरोप धाडतात. त्यावरून केबल तुटली की वीज गेली, हे त्यांना बसल्या जागी कळतं.

एक धोका सांगायलाच हवा. 'तुमच्या कॉम्प्युटरमधून एरर येताहेत' असा फोन करून विंडोजचा 'ईव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे कॉम्प्युटरची अशीच नोंदवही उघडायला लावणारे ठग आहेत. तिथल्या लाल खुणा दाखवून ते घाबरवतात आणि कॉम्प्युटरचा ताबा मागतात. अशा खुणा धडधाकट कॉम्प्युटरमध्येही असतातच. फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. नोंदीचा फोटोही गावच्या ग्रुपवर टाकू नका, त्यात तुमचं खातं आणि घरातल्या मोबाईलांची नावं असू शकतात.

मराठी-कन्नड वादात 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' या फलकापायी आपल्या गावाने 2014 मध्ये काय सोसलं ते सांगायला नको. राउटरची भाषा मात्र सगळ्यांनाच सारखी परकी. दुरुस्तीला येणारा मराठी असो की कन्नड, त्याला तो फोटो दाखवा, बिघाडाची वेळ सांगा. आणि कंपनीला फोन लावाल तेव्हा तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. पुढे अपिलात जायची वेळ आली तर तो क्रमांकच लागतो.