प्रयोगशाळेच्या चार भिंतींनंतर

टांझानियातील खेड्यांच्या माध्यमिक शाळांत परदेशी अभियंते स्वयंसेवक म्हणून येतात, गावकऱ्यांबरोबर विटा रचतात, छपरावरील पावसाचे पाणी टाकीत साठविण्याची सोय करतात आणि शाळेला प्रयोगशाळा देऊन परत जातात. त्यांच्या सद्भावनेची टवाळी करणाऱ्या पढीक क्रांतिकारकांत आम्ही नाही. जिने परीक्षानळी केवळ फळ्यावर काढलेली पाहिली, त्या मुलीच्या हाती ती प्रत्यक्ष येणे ही लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न त्यापुढचा आहे. १९६७ साली अरुशा जाहीरनाम्यापाठोपाठ ज्यूलियस न्येरेरे यांनी स्वावलंबनासाठी शिक्षणाचा विचार मांडला. १९८६ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी मान्य करताना त्याच देशाला सार्वजनिक खर्चाला कात्री लावावी लागली. २००४ पासून प्रत्येक ‘काता’त, म्हणजे प्रभागात, माध्यमिक शाळा काढण्याची मोहीम निघाली, २०१२ साली राष्ट्राध्यक्ष किक्वेते यांनी अशा शाळांना भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्राच्या तीन प्रयोगशाळा बांधण्याचा आदेश दिला. भार बराचसा लोकवर्गणीवर पडला आणि वर्गणीच्या सक्तीच्या तक्रारीही झाल्या. भिंती उभ्या राहिल्या. अनेक ठिकाणी आत ना साहित्य, ना विज्ञानाचा शिक्षक.

यातील अर्थशास्त्र साधे आहे. इमारत हा एकदाचा भांडवली खर्च. आम्ले, क्षार, फुटलेली काचपात्रे, सहायकाचे वेतन हा दरवर्षीचा आवर्ती खर्च. देणगीदाराला पहिला प्रिय, कारण भिंतीवर नावाची पाटी लावता येते; मॅग्नेशियमच्या फितीवर ती कोठे लावणार? मग मोटारीच्या बॅटरीचे आम्ल आणि कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन शिक्षकच प्रयोग उभा करतो. त्याची कल्पकता वंदनीय, पण ती शासनाच्या हात झटकण्याचे निमित्त होता कामा नये.

‘सीमाविहीन अभियंते’ या संघटनेच्या कॅनडातील शाखेने २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचे वार्षिक अहवाल स्वतःहून छापले. हे धैर्य आपल्या चळवळींतही फारसे दिसत नाही, हे कबूल केले पाहिजे.

२०१६ पासून तेथील सरकारी माध्यमिक शाळांत पहिल्या चार इयत्तांचे शुल्क माफ झाले. वर्ग भरले, तसा प्रयोगशाळेवरचा ताणही वाढला. म्हणून अभियंत्यांनी पाया खणण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: प्रयोगशाळा सहायकाचे मंजूर पद आणि रसायनांसाठी वार्षिक तरतूद. त्या मिळेपर्यंत विटा थांबल्या तरी चालतील.