निकामी कोण?

वयाने एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन जीवांची मैत्री हा चित्रपटांचा जुना आणि लोकप्रिय विषय आहे. असे चित्रपट पाहावेत, डोळे पुसावेत आणि घरी जावे, अशीच सर्वसाधारण रीत असते. तथापि त्यांतील चांगल्या कलाकृती भावनेइतकाच व्यवहाराचाही विचार करावयास लावतात. १९९६ सालचा ‘कोल्या’ हा चेक चित्रपट आणि मंगेश हाडवळे यांचा २००८ साली प्रदर्शित झालेला, जुन्नरच्या मातीतला ‘टिंग्या’ शेजारी ठेवून पाहिले असता हे ध्यानात येते.

‘कोल्या’मधील लौका हा प्रागमधील पंचावन्न वर्षांचा चेलोवादक. नामांकित वाद्यवृंदातून काढून टाकलेला, अंत्यविधीच्या वेळी वाद्य वाजवून पोट भरणारा आणि कर्जात बुडालेला. पैशासाठी तो एका रशियन स्त्रीशी केवळ कागदोपत्री विवाह करतो. ती पश्चिम जर्मनीत निघून जाते आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा अखेर त्याच्या गळ्यात पडतो. गळ्यात पडलेला हा पोर हळूहळू त्याच्या गळ्यातला ताईत होतो. सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळविणाऱ्या या हसऱ्या-हळव्या कथेच्या मुळाशी आहे ते कर्ज. कर्जाने येथे दोघांना एकत्र आणले.

‘टिंग्या’मध्ये तेच कर्ज दोघांची ताटातूट करू पाहते. टिंग्याचा जिवलग चितंग्या बैल जायबंदी होतो. पेरणी तोंडावर आलेली, हाताशी पैसा नाही. तेव्हा बैल खाटकाला विकून दुसरा आणावा, असे बाप ठरवितो. त्याच वेळी शेजारच्या रशीदाची नानी अंथरुणाला खिळलेली असते आणि तिच्यावर मात्र उपचार चालू असतात. म्हातारीला जपायचे, मग चितंग्याला का नाही, असा सवाल हा पोर करतो. ही भूमिका करणाऱ्या शरद गोयेकरला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पण त्याच्या तोंडच्या सवालाचे उत्तर समाजाने अद्याप दिलेले नाही.

या कथेतील बाप निर्दय नाही, हे विसरता कामा नये. ज्याच्या घरात एका हंगामाचीही शिल्लक नाही, त्याला ममतेची किंमत परवडत नाही. न कमावणाऱ्या जीवाला पोसण्यासाठी कमावणाऱ्याच्या मिळकतीत काही वाव असावा लागतो. तो वाव नसेल, तर प्रत्येक जीव उत्पन्न-खर्चाच्या वहीत मांडला जातो आणि खर्चाच्या बाजूला गेलेला जीव निकामी ठरतो. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. कायद्याने खाटकाची वाट बंद केली. थकल्या बैलाच्या वैरणीचा प्रश्न मात्र शेतकऱ्याच्याच गोठ्यात राहिला.

आज हा प्रश्न गोठ्यातून ओसरीवर येऊन बसला आहे. जुन्नर-आंबेगावच्या गावांतून तरुण मंडळी मुंबई, पुणे आणि चाकणच्या कारखान्यांकडे जातात; मागे घराला राखण म्हणून म्हातारी माणसे उरतात. २००७ सालच्या केंद्रीय कायद्याने आईवडिलांचा निर्वाहखर्च देणे मुलांवर बंधनकारक केले. श्रावणबाळ योजनेतील मासिक साहाय्य २०२३ साली दीड हजार रुपये झाले. या गोष्टी आवश्यकच होत्या. पण निर्वाहखर्च हुकमाने मिळतो. सोबत हुकमाने मिळत नाही.

सोबतीसाठी वस्तुतः फार मोठा निधी लागत नाही. शाळा, अंगणवाडी, वाचनालय आणि देऊळ प्रायः प्रत्येक मोठ्या गावात हाकेच्या अंतरावर असते. आठवड्यातील एक तास गावातील वृद्धांनी शाळेत यावे, मुलांनी त्यांच्याकडून बियाण्याची, पावसाची, जुन्या वाटांची माहिती लिहून घ्यावी, त्यांची पत्रे व अर्ज वाचून दाखवावेत, एवढे शिक्षकांनी मनावर घेतले तरी पुष्कळ होईल. त्याचबरोबर ऐन पेरणीत जनावर किंवा माणूस आजारी पडल्यास गावच्या सोसायटीतून तातडीचे कर्ज अल्प व्याजाने मिळण्याची सोय हवी. यांपैकी एकच करून भागणार नाही. मुलांना माया शिकवायची आणि बापाला सावकाराच्या दारात उभे करायचे, ही विसंगती फार काळ टिकत नाही.

लौकाच्या हाती आपसूक आलेली संधी सर्वांनाच लाभत नाही; ती निर्माण करावी लागते. टिंग्याचा सवाल बापाला होता खरा, पण त्याचे उत्तर देण्याची ऐपत बापापाशी नव्हती. ती गावाच्या आणि शासनाच्या अंगी यावयास हवी. अन्यथा आज हिशेब मांडणारे हातही उद्या त्याच वहीत खर्चाच्या बाजूला लिहिले जातील.