नावांची नव्हे, चवींची सोयरीक

परवा बचत गटाच्या बैठकीत एकीच्या मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला. ओरिओचं बिस्किट, पण एक बाजू लाल आणि तिच्यावर कोका-कोलाचा छाप! ‘अगं बाई, बिस्किटात कोला?’ म्हणत सगळ्या खो-खो हसल्या.

पण मैत्रिणींनो, ही थट्टा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये काही देशांत ही बिस्किटं खरोखरच विक्रीला आली, आणि सोबत ओरिओच्या चवीचा बिनसाखरेचा कोकही. तेही थोड्याच दिवसांसाठी. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत स्किटल्सच्या गोड गोळ्या चक्क फ्रेंचेसच्या मोहरीच्या चवीत निघाल्या होत्या. त्या दुकानात विकायला ठेवल्याच नाहीत, मोहरी दिनाच्या निमित्ताने नुसत्या वाटल्या. म्हणजे विकायच्या नव्हत्याच, गावभर चर्चा तेवढी हवी होती.

याउलट २०१२ साली टॅको बेलने डोरिटोज चिप्सच्या चवीचा टॅको काढला. टॅको म्हणजे मक्याच्या कुरकुरीत, दुमडलेल्या पुरीत भरलेलं सारण. चिप्सही मक्याचेच. ही जोडी तिथल्या लोकांना आवडली आणि टिकली. मला वाटतं, फरक इथेच आहे. पहिल्या दोन जोड्या नावांच्या, ही चवीची.

आणि चवी जुळवणं आपल्याला का नवीन आहे? एकाच डाळीचं पुरण गोड पोळीत जातं आणि त्याच्याच कटाची झणझणीत आमटी होते. मग हीच अक्कल बाजारात कुठे जाते?

गेल्या दिवाळीच्या प्रदर्शनात आमचे दोन गट शेजारी-शेजारी बसले होते. एकीकडे ज्वारीची कडक भाकरी, दुसरीकडे शेंगाची चटणी. गिऱ्हाईक भाकरी हातात घेऊन विचारायचं, ‘ही खायची कशाशी?’ पण आमच्या बायका शेजारी बोट दाखवतील तर शपथ! दोन्ही गटांचा निम्मा माल परत आला.

मी म्हटलं, दोन्ही एकाच पाकिटात घाला. झालं, नाव कुणाचं वर, यावरून आठ दिवस अबोला! शेवटी एका बाजूला एक नाव, दुसऱ्या बाजूला दुसरं, असं ठरलं. खरा प्रश्न पुढेच होता. चटणीला खवट वास आला तर जबाबदार कोण? पैसे कसे वाटायचे? हे सगळं आधी वहीत लिहून दोघींच्या अध्यक्षांच्या सह्या घेतल्या. मोठ्या कंपन्या कागद केल्याशिवाय एक पाऊल टाकत नाहीत. आपण मात्र ‘घरचंच तर आहे’ म्हणतो आणि वर्षभराने तोंड फिरवतो.

मुलांनी असल्या नवलाईच्या पाकिटांचा हट्ट धरला तर एकदा आणा, हरकत नाही. पण पाकीट उलटं करून साखर-मीठ किती ते त्यांनाच वाचायला लावा. दोन मोठी नावं एकत्र आली म्हणून पदार्थ दुप्पट चांगला होत नाही.

आणि गटातल्या बायांनो, पुढच्या प्रदर्शनात शेजारणीच्या टेबलाकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. तिचा माल तुमच्या मालाचा वैरी नसेलही. कदाचित तुमच्या भाकरीला हवी असलेली चटणी तीच घेऊन बसली असेल!